धुतलेली फुलं

१ नोव्हेंबर, संध्याकाळ

सकाळी दूध तापवलं, पाणी भरलं आणि दरवर्षीसारखी यांच्या कबरीवरची प्लास्टिकची फुलं घरी आणून बादलीत धुतली. उद्या मृतांचा दिवस. यांना फुलांशिवाय ठेवणार नाही, असं दफनाच्या दिवशीच ठरवलं होतं. नागपूरच्या उन्हात खरी टिकत नाहीत, म्हणून ही.

अंगणात वाळत घातली, तर एक मधमाशी आली. एकेका फुलावर बसली आणि गेली.

शेजारची सुमन म्हणाली, "काहून बसली वं अशी?"

"मधमाशी फसली."

"माशी तरी उडून गेली. भाऊजी बिचारे जातील कुठी?"

हसले मी. पण मग दिवसभर तेच. देवानं माणसाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला, हे बायबलात कितीदा वाचलं. फुलं धुणं ही राखण झाली का? बादलीत लाल रंग उतरला होता, तो मोरीतून कुठे गेला असेल? आणि ती मधमाशी पुढे कुठे गेली? पण रोप लावलं, तर ते फुलेपर्यंत हे फुलांशिवाय राहतील. मी शब्द दिलाय.

२ नोव्हेंबर

प्लास्टिकची फुलं घरीच ठेवली. कबरीपाशी सदाफुलीचं रोप लावलं, पाणी घातलं. अजून एकही कळी नाही.