खिडकीखालची साडेतीन हात जागा

आई, आज खालच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं. नवी नवरी मला हाताला धरून घेऊन गेली. म्हणाली, काकू, एवढ्याशा जागेत सगळं बसवायचं कसं ते तुम्हीच सांगा. जुन्नरच्या आमच्या या इमारतीत त्या बाबतीत माझा भलताच लौकिक आहे. मी पदर खोचला. दिवाणाच्या पायांखाली विटा लाव, तांदळाची पोती आत सरकतील. पाळण्यासाठी छताला कड्या आहेत ना, त्यांना बांबू टांग, गोधड्या वर जातील. ती म्हणाली, किती हुशार आहात हो तुम्ही. तिथं तुझं नाव घ्यायला हवं होतं. नाही घेतलं.

तात्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि महिन्याभरात तू महाळुंग्याहून आलीस. तेव्हा आमची एक खोली आणि स्वयंपाकघर, आम्ही दोघं आणि रांगती लेक. एकानं वळायचं तर दुसऱ्यानं दारात जाऊन उभं राहायचं. आणि तू लेकीच्या घरी दोन रात्रींच्या वर कधी न राहणारी. माझ्याकडं जेवायला बसायच्या आधी माझ्या हातावर काहीतरी ठेवणारी. त्या दिवशी मात्र चहा पिता पिता म्हणालीस, "शेळी बी दिली इकून. आता मागं कोन न्हाई. ऱ्हाऊ का गं तुझ्याकडं?" मी लेकीला भरवत होते. हसून म्हटलं, "अगं, पाय ठेवायला तरी जागा आहे का इथं?" खरंच हसत म्हटलं. तू कपबशी विसळून पालथी घातलीस. "जागा म्या करते की. त्यात काय लई न्हाई."

मला तू अजून दिसतेस. दिवाण उचलायला जावयाला लावते आहेस आणि स्वतः वाकून विटा सारते आहेस. एकात एक पातेली बसवताना मला टोमणे मारते आहेस, "एवढी भांडी कुनाच्या लग्नाला घेतलीस गं?" कांदे खिडकीच्या गजाला, सूप दाराच्या मागं, ट्रंक दिवाणाखाली. तीन दिवस तू पाठ टेकली नाहीस. तिसऱ्या दिवशी दुपारी खिडकीखालची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी झाली. तू फरशी पुसलीस, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हात टेकत टेकत मापलीस आणि म्हणालीस, "साडेतीन हात निघाली बघ." माझ्याकडं बघत राहिलीस. माणूस पाय पसरून निजेल एवढी जागा. आपल्याकडं हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मी म्हटलं, बरं झालं, कपाट बसेल. किती दिवसांची हौस होती मला आरशाच्या कपाटाची. दुसऱ्या दिवशी ते आलंसुद्धा, अर्धी खिडकी झाकून उभं राहिलं. आणि उरलेल्या जागेत मी शिलाई मशीन ओढून लावलं. बोटभर फट राहिली नाही. तू कपाटापुढं येऊन उभी राहिलीस. आरशावरचा हमालाच्या हाताचा डाग पदरानं पुसलास. "ब्येस बसलं," म्हणालीस. मग पिशवी भरायला घेतलीस. "चारची यष्टी घावंल. शेळीला कोन बघायचं, उपाशी आसंल ती."

त्यानंतर तू सहा वर्षं महाळुंग्यात एकटी काढलीस. माझ्याकडं आलीस ती सकाळी येऊन संध्याकाळी परत जाण्यापुरती. कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाहीस. आता शेजारचीही खोली घेऊन आम्ही मधली भिंत पाडली आहे. कुणी पाहुणं आलं की मी आधी म्हणते, राहा की, लई जागा आहे. हे ऐकून यांना हसू येतं.

हे लिहून मी त्याच कपाटात ठेवणार आहे, दुसरीकडं कुठं धाडायचं? एवढंच सांगायचं राहिलं होतं. तुला वाटलं असेल, पोरीच्या ध्यानात नाही राहिलं. शेळी विकलेली मला आठवत होती, आई. तरी मी तुझी पिशवी उचलली आणि तुझ्यापुढं जिना उतरले.