गाडीतला गारठा

२ डिसेंबर, मंगळवार

शी! साबणाने तीनदा हात धुतले तरी तोच वास. गोडसर, चिकट. गाडीत आईच्या पायाखालची मॅट उचलली तर खाली हिरवट पाण्याचं डबकं! त्यात एक मेलेलं झुरळ. इंजिनाचं पाणी म्हणे गळतंय. गळतंय ते गळतंय, वर हीटरही थंड.

डायलिसिसहून येताना आईचं अंग थरथरतं. चार तास रक्त यंत्रातून फिरून आल्यावर ऊब कुठली राहणार? दोन शाली, कानटोपी, तरी दात वाजतात. वीस मिनिटांचा रस्ता. हीटरची मूठ फिरवली तर जाळीतून गार वारा! आई म्हणते, "राहू दे रे, पोचलोच आता." घराला आग लागली तरी ही बाई 'राहू दे' म्हणेल.

३ डिसेंबर

गल्लीच्या टोकाच्या मेकॅनिककडे गेलो. काहीही विचारा, "होऊन जाईल" म्हणतो. म्हणून मी त्याचं नाव 'होऊन जाईल'च ठेवलंय. बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ हुंगत होता. मग म्हणाला, "व्हॉल्व्ह गेलाय. इंजिनाचं गरम पाणी हीटरला सोडतो ना, तो. तुम्ही आत मूठ फिरवली की ही तार त्याचा खटका ओढते. खटकाच मोडलाय, तिथूनच पाणी आत झिरपतंय. कुणीतरी पकडीनं पिळलाय, साहेब."

कुणीतरी! गाडी चालवतो मी. बाबा रोज संध्याकाळी सातला फडकं घेऊन पुसतात. तिसरा कोण? आणि बाबा पाणीखात्यात तीस वर्षं व्हॉल्व्हमन होते. अर्ध्या गावाचे नळ त्यांच्या हातावर चालायचे. ते पिळतील? या 'होऊन जाईल'चं आपलं नाचता येईना अंगण वाकडं!

५ डिसेंबर, शुक्रवार

भंगारबाजारातला व्हॉल्व्ह. आत काळा गाळ. 'होऊन जाईल'ने तो तोंड लावून फुंकला! आणि त्याच तोंडाने लगेच चहा प्यायला. मला पुढे दोन तास काही खाववेना.

पण गरम वारा आला. आईने दोन्ही हात जाळीपुढे धरले. मग झोपलीच. मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने आणलं तिला.

९ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा थंड!! गाडी मधे जागची हललीसुद्धा नव्हती. बॉनेट उघडलं तर तारेची क्लिप निघालेली आणि खटका बंदवर. क्लिप बॅटरीवर पडलेली. आई शेजारी ओठ निळे करून बसलेली.

फोनवर 'होऊन जाईल'ला वाटेल ते बोललो. तर म्हणतो, "ती क्लिप हातानं काढल्याशिवाय निघत नाही, साहेब." वर तोंड करून! आई माझ्यावरच चिडली. "त्याला कशाला बोलतोस? गरीब आहे तो." गरीब कसला, कामचुकार!

११ डिसेंबर

नवाकोरा व्हॉल्व्ह बसवून घेतला. छाताडावर उभा राहून. क्लिपवर बारीक तारेचे चार वेढेही घालायला लावले. बाबांना दाखवलं. "चांगलाय," म्हणाले. "पितळी हवा होता. प्लॅस्टिकचं काय खरं नाही." आणि व्हॉल्व्हकडे बघतच राहिले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

थंड.

चारही वेढे उलगडलेले. आता डोक्यात लख्ख प्रकाश पडला! या जुन्या गाडीचं बॉनेट बाहेरूनच उघडतं. 'होऊन जाईल'च येताजाता क्लिप काढत असणार, म्हणजे मी पुन्हा त्याच्याच दारात! गॅरेजात चार गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हणालो. तो तेलकट चिंधीने तेलकट हात पुसत राहिला. किळस येते असल्या माणसांची!

उद्या क्लिप बसवून स्वतः पाळत ठेवणार. आईला सांगितलं तर म्हणाली, "नको. गारठा आहे बाहेर. घरात बस." हिने मला गारठ्याचं सांगावं!

१३ डिसेंबर

बरोबर सात. बाबा आले. फडकं खांद्यावर, खिशात पक्कड. बॉनेट उघडलं. वेढे सोडले, क्लिप काढली, खटका सावकाश बंद केला. मला पाहून दचकले नाहीत. ताठ उभे राहिले. "खालच्या भागाचं पाणी बंद केलं, साहेब. वरच्यांना सोडायला निघतोच."

साहेब. मला.

आई दारात उभी होती. "यांचं हे असं होतंय ते उन्हाळ्यापासून माहीत आहे मला," म्हणाली. "तुला कळलं की त्यांना घरात कोंडशील. मला थंडी चालते रे."

शी! कुणाला काय काय बोललो मी. उद्या सकाळी आधी गॅरेजात जायचं, चार गिऱ्हाइकांसमोरच माफी मागायची.

मंगळवारी निघताना क्लिप मी लावेन. संध्याकाळी बाबा बंद करतील.