एक हात सरळ कापड

ती. आत्यास,

आधी तुझ्या गुडघ्यांना आणि मग तुला साष्टांग नमस्कार. गुडघे बरे असतील तर कळव; नसतील तर जिना चढणं बंद कर, हे मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. आम्ही दोघं ठणठणीत.

तुझं पत्र पोचलं. महिनाअखेर एक हात कापड, दोन्ही टोकांना सारख्या रुंदीचं, विणून दाखव, नाहीतर माझा माग परत पाठव, मी तो विणकामाच्या वर्गाला देते, असं तू लिहितेस. आत्या, माग मिळणार नाही. ज्या माणसाने रेडिओ, शिवणयंत्र आणि पाण्याचा पंप कोणालाही न विचारता उघडले (आणि त्यातले दोन पुन्हा बंदही केले), त्याला चार लाकडं आणि पायाने दाबायच्या दोन पावड्यांची भीती घालू नकोस.

उभे धागे तीनशे वीस. प्रत्येक धागा, धागे वर-खाली उचलणाऱ्या वयीच्या एकेका डोळ्यातून ओवायचा. मी चार दिवस ओवले, दर दहा धाग्यांना वहीत रेघ मारली, आणि शेवटी हातात एक धागा उरला. ही म्हणाली, "अहो, मध्ये कुठेतरी एक डोळा सुटलाय." पण मोजणी माझी होती, तेव्हा धागाच जादा आलेला असणार. (कापडाच्या मधोमध भांग पाडल्यासारखी एक रेघ दिसते. ती नक्षी आहे.)

आता आडव्या धाग्याविषयी. धोटा इकडून तिकडे सरकवला की मागे राहिलेला धागा कमानीसारखा जरा सैल ठेवायचा आणि मग फणीने ठोकायचा, असं तू माग इथे ठेवून जाताना हिला सांगून गेलीस. मला सोडून हिला का, हा प्रश्न वेगळा. पण दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर सरळ रेषेत असतं, हे मला शाळेत शिकवलंय. मी प्रत्येक ओळीला पट्टी लावली, धागा ओढून ताठ केला, मगच ठोकला. सैल सोडणं माझ्या स्वभावात नाही. कापड वीस इंचांवर सुरू झालं. वीतभर विणल्यावर सतरा भरलं. मी पट्टी बदलली. तेरा भरलं! काठाचे धागे तटातट तुटायला लागले, तेव्हा मी अकरा गाठी मारल्या, माझ्या स्वतःच्या पद्धतीच्या, ज्या कधीच सुटत नाहीत (आणि फणीतून जातही नाहीत).

समोरचा शिंपी बघायला आला. चष्मा पुसून, वाकून, बराच वेळ बघून म्हणाला, "काका, यात वरून माणूस शिरेल, पण खालून त्याचा नुसता हात बाहेर येईल." ही हसली. मग दोघं हसले. चहा मी केलेला होता, तरी हसले.

तेव्हा स्पष्ट लिहितो, माग इथेच राहील. वर्गाला द्यायचाच असेल तर वर्ग इकडे पाठव.

तुझा (ही एक बाब सोडून) आज्ञाधारक,
भाचा

ता. क. 'एक हात' म्हणजे कोणाचा? तुझाच धरावा, असं सुचवतो. तुझा आखूड आहे.

ता. क. २. पत्र दोन दिवस टेबलावरच राहिलं. त्या दोन दिवसांत मी कामावर असताना हिने माझं सगळं विणकाम उसवलं, सुटलेला डोळा शोधून काढला (होता खरा एक), आणि धागा सैल सोडून अर्धा हात कापड विणलं. मी चार वेळा मोजलं, दोन्ही पट्ट्यांनी. वर वीस, खाली वीस. मी म्हटलं, योगायोग. तिने पुढची ओळ विणली.

ता. क. ३. महिना संपायला तीनच दिवस उरलेत, आणि तिला घरचं सगळं उरकून मागावर बसावं लागतं. आधीचे पंचवीस दिवस मी तिथून उठलोच नाही, त्यात तिचा काय दोष? तिला आठ दिवस जास्त दे. उत्तर तिच्या नावाने पाठव, आणि मी विचारलं होतं हे त्यात लिहू नकोस. स्वतःसाठी मी मुदत मागितली नसती, आणि मागणारही नाही.