कथा-पटकथा : ॲड. श्रीधर जहागीरदार

१३ नोव्हेंबर, गुरुवार
उद्या पिक्चर लागतोय. कोर्टातला थ्रिलर. कथा-पटकथा माझी, दिग्दर्शन इंद्रजीतचं. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो, तेव्हाही डोकं माझंच चालायचं.
धाकधूक एकच, प्रमोदिनीची. आरोपीच्या आईच्या कामाला इंद्रजीतनं माझ्याच बायकोला घेतलं. तिचा अनुभव म्हणजे सोसायटीच्या गणपतीतली नाटकं. असो. ती पडलीच तर माझी कथा सांभाळून घेईल.
संकल्प : उद्या कमी बोलायचं. यश चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
हाऊसफुल्ल. शेवटच्या ट्विस्टला, म्हणजे खटला चालवणारा न्यायाधीशच मयताचा सख्खा भाऊ आणि खुनीही तोच, हे कळतं तिथं थिएटरात हशा पिकला. जबर धक्का बसला की माणसं हसतात.
प्रमोदिनीचा साक्षीचा सीन बरा झाला. बायका मुसमुसत होत्या. माझ्या संवादांची ताकद. मग आठवलं, त्या सीनला संवादच नाहीत, ती नुसती मुलाकडं बघते. पण संवाद न लिहिणं हेही लेखनच.

१५ नोव्हेंबर, सकाळी
पेपरात परीक्षण आलं. 'अभिनय अस्सल, कथा पहिल्याच सुनावणीत बाद.' प्रमोदिनीवर अर्धा कॉलम. माझ्यावर एक ओळ : न्यायाधीश आणि मयत यांचं आडनाव एकच, तरी एकाही वकिलाला शंका येत नाही, आणि हे एका वकिलानं लिहिलंय.
सगळं स्पष्ट आहे. इंद्रजीतनं एडिटिंगमध्ये माझी कथा मारली. मित्र म्हणून विश्वास टाकला त्याचं हे फळ. सोमवारी नोटीस.

१६ नोव्हेंबर
इंद्रजीतला फोन. म्हणाला, तुझा एक शब्द कापला नाही. शूटिंगच्या आधी मीच विचारलं होतं, भावाच्या खुनाची केस भावापुढं चालते का? तर तू म्हणालास, कायदा मला शिकवू नको.
म्हणालो असेन. पण टोन वेगळा असणार.
नोटीस तूर्त तहकूब.

१७ नोव्हेंबर, सोमवार
बार रूममध्ये एका ज्युनियरनं विचारलं, सर, माझ्या अशिलाचा मेहुणा जज आहे, केस त्याच्याकडंच लावून घेऊ का? सगळे हसले. ज्यांना मी ड्राफ्टिंग शिकवलं तेसुद्धा. चहा मात्र माझ्या नावावर. मत्सर, दुसरं काय.

१९ नोव्हेंबर
लोकल चॅनेलवाले घरी आले, प्रमोदिनीच्या मुलाखतीला. मी नवं जॅकेट घालून शेजारी बसलो. फ्रेममध्ये कोपर आलं.
मुलाखत घेणाऱ्या मुलीनं कथेबद्दल विचारलं. प्रमोदिनी म्हणाली, ते ह्यांना विचारा, मी फक्त आई झाले. मी घसा साफ केला, तोवर माइक बंद.
नंतर तिला म्हणालो, माझी बाजू का नाही घेतलीस? म्हणाली, "घेतली की. खरं बोलले नाही."
घरातच फितुरी.

२४ नोव्हेंबर, सोमवार
अदालत रोडच्या ऑफिसात गंगापूरचे साहेबराव आले, जोडीनं. जुने अशील. भावाशी विहिरीचा दावा आहे, तारखा माझ्याकडं चालू. म्हणाले, "पिक्चर पाह्यलं, वकीलसाहेब. ताईंनी लई रडवलं."
म्हणालो, कथा माझी आहे.
"व्हय. नाव वाचलं पडद्यावर. म्हणूनच आलो."
आणि दुसऱ्या वकिलाचं वकीलपत्र पुढं ठेवलं. माझी हरकत नाही अशी सही पाहिजे.
मी समजावलं. सिनेमा वेगळा, कोर्ट वेगळं. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तुमचं बरोबर हाय साहेब. पण आमची विहीर एकच हाय."
सही केली.
उठताना चाचरत विचारलं, ताई घरी असतील का, मंडळींना फोटो काढायचा होता. माझ्याच गाडीतून गारखेड्याला घरी नेलं. प्रमोदिनीनं चहा केला, साहेबरावांच्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. दुसऱ्या बाजूला साहेबराव. मीही कॉलर नीट करून शेजारी गेलो.
साहेबरावांनी मोबाइल माझ्या हातात दिला. म्हणाले, "साहेब, तेवढा काढा."
दोन काढले. पहिला हलला होता.