लाल फडक्यातली पोथी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घाबरले की मी अजून तुलाच हाक मारते. दादाची मुलगी, तू कधी न पाहिलेली तुझी नात, खेडला सासरी आहे. तिचा नवरा गेला. तिथली माणसं जुन्या वळणाची, दिवसकार्य आटोपायच्या आत तिचे केस उतरवायला न्हावी बोलावणार म्हणतात. दादा मुंबईहून निरोप धाडतो, "सासरच्यांच्या मध्ये मी कोण बोलणार?" म्हणून उद्या सकाळच्या मोटारीने मीच निघाले आहे. पिशवीत एक लुगडं आणि ते पुस्तक, एवढंच बरोबर घेतलंय.

ते पुस्तक म्हणजे तुझी पोथी. आपल्या रत्नागिरीच्या घरात कादंबरी चालत नसे. कादंबऱ्यांनी बायका बिघडतात, असं बाबांचं ठाम मत होतं. तू ही एक कादंबरी कुणाकडून तरी मागून आणलीस, लाल फडक्यात बांधलीस आणि दुपारची भांडी आवरली की चुलीशेजारी पाटावर ठेवून ओवीच्या चालीत वाचायला बसायचीस. बाहेर ओटीवर सुपारी कातरत बसलेल्या बाबांना वाटे, बायको पोथी वाचतेय. साधं गद्य ते, कोण विहिरीवर गेली, कोण कुणाला काय बोललं, पण तू ते असं आळवायचीस की मला हसू दाबता येत नसे आणि तू वाचता वाचता डोळे वटारायचीस. बाबांची थोरली बहीण, आपली आत्या, समोर भिंतीला टेकून बसे, आलवणाचा पदर बोडक्या डोक्यावरून घट्ट ओढून. तिला अक्षरओळख नव्हती. तिने ती पोथीच मानली. रोज वाचनाआधी तिच्यावर फुलं आणि अक्षता वाहायची आणि तू उठायला लागलीस की म्हणायची, "अगो, त्या पोरीचं पुढं काय झालं ते सांग नि मग ऊठ." ती गोष्ट एका कोवळ्या विधवेची होती. शेवटच्या दुपारी तू वाचलंस की न्हावी दारात आला तेव्हा ती उभी राहून म्हणाली, माझ्या केसांना हात लावायचा नाही, आणि कुणी लावला नाही. आत्याने पाटावर डोकं टेकलं ते कितीतरी वेळ उचललं नाही. मी तेव्हा परकरी पोर, मला वाटलं तिला झोप लागली.

पुढे ते माझ्याच कपाळी आलं, नवरा गेला. मला माहेरी आणलं आणि एके सकाळी मागीलदारी फणसाखाली पाट मांडला. तो दिवस आठवला की आजही मान गार पडते. न्हावी वस्तरा परजतोय, तो चर्र चर्र आवाज येतोय. कढत पाण्याचं तपेलं आत्याच घेऊन येतेय. बाबा माझ्याकडे न बघता म्हणतात, "डोळे मिटून घे गो. नाहीतर उद्या आपल्याला कुणी पंगतीला बोलावणार नाही." मी वेणी दोन्ही मुठींत धरून ठेवलीय. मग माझ्या तोंडून पोथीतल्या त्या मुलीचं वाक्य निघालं. आवाज माझा वाटलाच नाही. बाबांनी हात उगारला.

आत्याने तपेलं खाली ठेवलं. "थांब. पोथीत आहे ते."

"कुठल्या पोथीत, अक्का?"

"तुझी बायको वाचते त्या. ओटीवर बसून रोज ऐकलीस ना तू? त्या पोरीला कुणी हात लावला नाही. आता तू लावलास तर पाप तुझ्या माथी हो."

बाबांनी तुझ्याकडे पाहिलं. तू दारात उभी, लाल फडकं छातीशी धरलेलं, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. ते फडकं उघड म्हणाले असते तर? तुझी धडगत नव्हती, माझीही. त्यांनी उगारलेला हात खाली घेतला. न्हाव्यानेच विचारलं, "मी जाऊ काय, भटजी?" आणि वस्तरा धोकटीत घातला. बाबांना सगळं ठाऊक होतं की काय, हे मला कधीच कळलं नाही.

मागच्या महिन्यात वाचनालयात त्या कादंबरीकारावर व्याख्यान झालं. तो जाऊनही खूप काळ लोटला. वक्ते म्हणाले, या एका पुस्तकाने घरोघरच्या बाप्यांना शरम वाटायला लावली, मुलींच्या शाळांना बळ आलं, आज नाटकात आणि सभेत बाईच्या दुःखावर जे उघड बोललं जातं त्याचं मूळ इथं आहे. खरंच आहे ते. मी शिकवते त्या शाळेतल्या मुली हे पुस्तक एकमेकींच्या हातून ओढून घेतात. मग वक्ते शेवटाबद्दल बोलले. त्या मुलीचे केस जातात आणि माजघराच्या अंधारात ती झुरून मरते. मी ते स्वतः कधी वाचलं नव्हतं, तुझ्या तोंडूनच ऐकलं होतं. पुस्तक घरी आणून पाहिलं, तर तसंच. तुझं वाक्य त्यात कुठेच नाही. तो शेवट तू कुणासाठी बदललास, आई? माझं तर तेव्हा लग्नही ठरलं नव्हतं. समोर आत्या बसली होती, तिच्यासाठीच असणार.

उद्याची मला फार भीती वाटते. खेडच्या त्या घरात आत्या नाही. पोर वाचती आहे, पुस्तक हातात पडलं की शेवटापर्यंत जाईल आणि मग उभी राहायची नाही. म्हणून शेवटची पानं मी आज भाताच्या पेजेने चिकटवून टाकली. वाचनालयाचं पुस्तक, बोलणी बसतील तर बसोत. तिच्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना गोळा करून मीच वाचणार आहे, लाल फडक्यातून काढून, तुझ्यासारखं.

हा कागद पहाटे चहाच्या वेळी चुलीत जाईल. आत्ता चुलीशेजारी पाट मांडून एकदा म्हणून पाहिलं. ते वाक्य आलं आणि हात आपोआप अंबाड्याकडे गेला. आई, शब्द सगळे पाठ आहेत. तुझी चाल तेवढी मला आठवत नाही.