न पाहिलेले पत्ते

मुलुंड,
२२ ऑगस्ट १९८६

चि. द्रौपदी,

तुला, भाऊजींना आणि पिलांना भरभरून आशीर्वाद. श्रावणी शुक्रवार, म्हणून जिवतीची पूजा आटोपली, पुरण वाटून ठेवलं आणि लिहायला बसले. आम्ही सगळी मजेत. ह्यांनी रेडिओ उघडून दुरुस्त केला, आता तो फक्त खरखरतो.

माझा गुडघाही ठीक आहे. खरं म्हणजे तो कधी दुखलाच नव्हता. वर्षभर घाटकोपरला तुझ्याकडे आले नाही, त्याला काहीतरी कारण हवं होतं ना.

गेल्या गौरीची दुपार आठवते? सासूबाई म्हणाल्या, "मुखवटे आता कुणाकडे राहायचे ते दोघी ठरवा." तुझी नवी खोली, पहिलं स्वतःचं घर, तुला किती हवे होते! तरी तूच हसत म्हणालीस, "अक्का, तीन पत्तीवर ठरवू. जिंकेल तिच्या घरी गौरी."

वाटणीला पंचवीस-पंचवीस चिंचोके. तू पत्ते पाहिलेस, मी न पाहता ब्लाइंड खेळत राहिले. मी एक टाकला की, पत्ते पाहिलेले म्हणून, तुला दोन. मी दोन, तुला चार. मी चार, तुला आठ. नणंदबाई शुभा बाजूला बसून ओरडत होती, "वहिनी, देवभोळी माणसंच डेंजर गं!" मग तू चहा उतरवायला उठलीस. परत आलीस तेव्हा मी म्हटलं, "मी अजून ब्लाइंडच," आणि एकदम आठ टाकले. तुला सोळा हवे होते. ब्लाइंडवालीकडे शो मागायची, पत्ते उघडायला लावायची सोय नाही, आणि तुझ्याकडे उरले होते अकरा. दोन राण्या हातात असून तू पत्ते टाकून पॅक केलंस. वर म्हणालीस, "न बघता एवढी हिंमत! देवीलाच तुमच्याकडे यायचंय, अक्का."

तेच वाक्य मला झोपू देत नाही.

तू चहाला उठलीस, शुभा कप आणायला गेली, तेव्हा मी पत्त्यांचा कोपरा उचलला होता. दुर्री, पंजी, नव्वी. एकाला एक धड नाही! तू हरल्याबरोबर मी घाईघाईने ते गड्डीत मिसळले. शुभा म्हणालीच, "दाखवा तरी!" मी म्हटलं, "देवाची मर्जी, त्यात काय बघायचं?" देवाचं नाव घेऊन खोटं बोलले गं, तेही गौरीसमोर. वर्षभर दिवा लावताना मुखवट्यांकडे सरळ बघवलं नाही.

म्हणून काल चिंच लावून ते लख्ख घासले. मऊ धोतरात गुंडाळून ठेवलेत. रविवारी दुपारी घेऊन येते, जेवायलाच. पुरण आणि कट मी आणीन, आमटी तू कर. गौरी यंदा तुझ्या खोलीत बसेल आणि पुढेही तिथेच.

रागावलीस तर खुशाल दारातच चार शब्द सुनाव, पण मुखवटे आधी आत घे. आणि गड्डी काढून ठेव. चिंच घासून उरलेले चिंचोके मी पुडीत बांधलेत. या खेपेला दोघी बघूनच खेळू.

पत्ते पाहिलेली तुझी जाऊ,
रुक्मिणी