नारूचा पाय आणि बारवेच्या पायऱ्या

चैत्र शुद्ध पंचमी, शके १८७९

राजमान्य राजश्री व्यंकटराव यांसी, आपणच पारखून घेतलेल्या मेहुण्याचा नमस्कार.

राणीसावरगावी सर्व क्षेम असेलच. आपल्या भगिनी तीन आठवडे तिथे असताना अक्षेम कोणत्या दाराने शिरणार? त्या का आल्या, हे त्यांनी सांगितले असेल (बहुधा पाय धुण्याआधीच). माझ्या पायातून नारूचा दोऱ्यासारखा जंत निघू लागला, आणि त्याच पायाने मी रोज बारवेत उतरून गुडघाभर पाण्यात संध्या करतो, हे त्यांना रुचले नाही. "त्या पाण्याचा घोट घेणार नाही. पायऱ्या बुजवा, मग बोलवा," म्हणून त्या निघाल्या. मी जलस्तुतीचा श्लोक ऐकवला. दोन चरण होईतो मोटार सुटली.

पुढे विकासगटाच्या साहेबांनी पारावर सभा घेतली. नारूवाला पाण्यात उतरला की पिल्ले पाण्यात पडतात, ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होतो. म्हणून पायऱ्या भिंतीने बंद करून वरून कप्पीने पाणी शेंदावे, असे ते म्हणाले. मी उठलो. जलाचे पावित्र्य, पूर्वजांचे पुण्य आणि चाळीस पायऱ्यांचे वास्तुशास्त्र यांवर अर्धा तास बोललो (साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिले, विद्वत्तेला तेवढे सोसावे लागते). तेवढ्यात आमच्या शेजारची म्हातारी बायनाबाई म्हणाली, "गुर्जी, पाणी लय पवित्र हाय ना? मग धोतर जरा वर करा की. पोटरीला काडी बांधलीय, ती कशाची?"

नारू ओढला तर तुटतो, म्हणून रोज बोटभर गुंडाळायची ती काडी. सभेने ती पाहिल्यावर वास्तुशास्त्रात कुणाला रस उरला नाही. "बाईसाब उगंच गेल्या व्हय माहेरी?" असेही मागून कुणी म्हणाले. हात वर झाले. सर्वांत आधी माझा, कारण बायनाबाई माझ्याकडेच पाहत होती.

भिंतीचा पहिला दगड मी ठेवला. काल कप्पी बसली. माझ्या दोन घागरी तळाला गेल्या, तळहातांना फोड आले. चाळीस पायऱ्यांची थोरवी मी सांगत होतो खरी. भरली घागर घेऊन त्या चढत होते कोण, हे पंधरा वर्षांत ध्यानी आले नव्हते.

थोरांस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद. मधल्या वयाच्या एका व्यक्तीस काय लिहावे, ते सुचत नाही.

आपला,
वैजीनाथशास्त्री

ता. क. हे पत्र त्यांना वाचून दाखवू नये. मानी माणसाला (म्हणजे मला) ते शोभणार नाही. ओसरीवर उघडे टाकून आपण मळ्यात जावे. मंगळवारच्या मोटारीला मी फाट्यावर उभा आहे.

पुन्हा ता. क. साहेबांच्या सांगण्यावरून पाणी दुपदरी फडक्यातून गाळून पितो. फडक्यासाठी फाडलेले लुगडे पेटीच्या अगदी तळाशी होते, म्हणून जुने असावे असे धरले. आता जरीचा काठ पाहून शंका येते. तरी कागदाची ही तळची पट्टी तेवढी फाडून मगच पत्र ओसरीवर ठेवावे.